‘ओसरी’च्या प्रकल्प नोंदी: लोणी कुठे बघतंय?

६ जून २०२४

बैठकीत ठरलं ते लगेच लिहून ठेवते, नाहीतर आठवड्याभरात प्रत्येकाला वेगळंच आठवायला लागेल.

नाव ‘ओसरी’. लहान मुलांसाठी टीव्हीवरची बाहुल्यांची मालिका. तूर्त पाच भाग, प्रत्येकी ११ मिनिटांचे, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. पात्रं तीनच. लोणी म्हणजे काळंकुट्ट रेडकू, सावकाश विचार करणारं. मंग्या मुंगूस आहे, त्याला विचार करायला फुरसतच नसते. आणि आत्या. आत्या हाडामांसाची, बाकी दोघं बाहुल्या. जागा एकच, कौलारू घराची ओसरी. एका भागात एकच विषय: आपला नंबर येईपर्यंत थांबणं, पाचपर्यंत मोजणं, वीज गेल्यावरची भीती, हरवलेली वस्तू शोधणं, भांडण मिटवणं.

वाहिनीचं म्हणणं, ११ मिनिटांत आणखी एक गाणं आणि दोन मुळाक्षरं सहज बसतील. गाण्याचं बघू. मुळाक्षरं नाहीत. पालकांना ती दिसली की शिक्षण झाल्याचं समाधान मिळतं, एवढाच त्यांचा उपयोग.

‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकन बालमालिकेवाल्यांनी १९६८च्या उन्हाळ्यात, एक फूटही चित्रित करण्याआधी, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि लेखकांना एकत्र बसवून तीन-तीन दिवसांची पाच चर्चासत्रं घेतली होती. आमच्याकडे एक दुपार, बालवाडीत आयुष्य घालवलेल्या एक बाई आणि वडापाव होते. पण बाईंच्या एका वाक्यानं अर्धी यादी निकालात निघाली: “तुम्ही काय सांगताय ते पोराला मागाहून कळतं. तुम्ही कुठे बघताय ते आधी कळतं.”

१४ जून

आज फक्त लोणीचे डोळे. दुसरं काहीच हललं नाही.

डोकं फोमचं, अर्धा इंची, ३२ डेन्सिटी. कागदावर पॅटर्न काढून तुकडे कापले, कडांना सोल्युशन लावून सुकू दिलं आणि जोडले. पावसाळी हवेत सोल्युशन सुकायला दुप्पट वेळ घेतं, त्याआधी दाबलं की सांधा हळूच उघडतो. तोंडात पुठ्ठ्यावर रेक्झिन लावलं, गडद गुलाबी. कान मुद्दाम सैल ठेवलेत, मान वळल्यावर ते क्षणभर मागे राहतात आणि लोणी विचारात पडल्याचं वाटतं.

डोळ्यांसाठी टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापला. ‘सेसमी स्ट्रीट’च्या बाहुल्या ज्याच्या, त्या जिम हेन्सननं १९५५ साली आपला पहिला कर्मिट बाहुला बनवला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा आणि अशाच चेंडूच्या दोन अर्ध्यांचा. अडचण अशी की चेंडू चकाकतो. दिवा लागला की त्यात पांढरा ठिपका उमटतो आणि बुबुळ कुठे आहे तेच कळेनासं होतं. बारीक पॉलिश पेपरनं घासून चकाकी मारली.

मग बुबुळं. काळ्या कागदाचे गोल दुहेरी टेपवर लावले आणि सरकवत बसलो. बरोबर मध्यभागी लावले तर लोणी भान हरपल्यासारखं समोर बघतं, दोन डोळे दोन दिशांना. नाकाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर ओढले आणि एकदम ते माझ्याकडे बघायला लागलं. इतकाच फरक. सहा फुटांवरून फोनवर फोटो काढत गेलो आणि मोठ्या पडद्यावर टाकून बघितले, कारण हातात धरलेली बाहुली आपल्याला नेहमीच गोड दिसते. हेन्सनकडचा बाहुली घडवणारा डॉन साहलिन डोळे सगळ्यात शेवटी लावायचा आणि त्या वेळी हेन्सन शेजारी हवाच असा त्याचा आग्रह असायचा. आज त्याचं कारण कळलं.

खऱ्या रेडकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तसे लावून पाहिले. लोणी हुबेहूब रेडकू दिसलं आणि कुणाकडेच बघेना. शेवटी समोर लावले. प्राणिशास्त्रवाल्यांनी माफ करावं.

३० जून

पालख्या पुण्यात. कापडासाठी रविवार पेठेत जायचं होतं, आज आणि उद्या तिकडे फिरकण्यात अर्थ नाही.

५ जुलै

काळ्या कापडानं छळलं. डोळ्यांना सुंदर दिसणारं काळं फर कॅमेऱ्यात नुसतं भोक दिसतं. नाक, गाल, भुवई सगळं गडप, वर दोन डोळे तरंगताहेत. कॅमेरावाले काका बालचित्रवाणीत उमेदवारी केलेले. ते म्हणाले, “काळं दाखवायचं तर काळं वापरू नका.” बोहरी आळीतून परत येताना राखाडी-तपकिरी फ्लीस घेऊन आलो. त्यावर ब्रशनं गडद छटा मारल्या आणि मागून एक दिवा दिला. आता कानांच्या कडा उजळतात आणि लोणी पडद्यावर काळंच दिसतं.

मंग्याच्या हातांना छत्रीच्या काड्या बसवल्या. हलक्या, ताठ, आणि पावसाळ्यात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही.

१३ जुलै, पिंगुळी

कुडाळला उतरले तेव्हा पाऊस इतका की रिक्षावालाही थांबा म्हणाला. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी या तिन्ही कला आहेत. सावंतवाडी संस्थानानं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या आश्रय दिला होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. लोणीला जागा पसंत पडली असती.

मी एकच शंका घेऊन गेले होते: जिचे डोळे रंगवलेले आहेत, बुबुळ हलत नाही, पापणी नाही, आणि जिचा खेळवणारा वर उभा राहून दोऱ्या ओढतो, ती बाहुली ‘बघते’ कशी?

तासभर बाहुल्या नाचताना पाहिल्या, मग उत्तर दिसायला लागलं. ती अख्खी वळते. आधी धड, त्याबरोबर मान, मग ठाम थांबते, आणि त्यानंतरच गाणारा तिच्या तोंडचं बोलतो. ते थांबणं हीच तिची नजर. समोर बसलेल्याला त्या वेळात कळून जातं की आता ही रावणाशी बोलणार की आपल्याशी. आपले शहरी हातमोजा बाहुलीवाले (मीही त्यातलीच) वळता वळता बोलतात, बोलता बोलता हात हलवतात, आणि मग मुलाला काय बघावं कळत नाही.

वहीत तीन शब्द लिहून आणले: वळ, थांब, बोल. सगळ्या संहितांवर हेच शिक्क्यानं मारायचं आहे.

पाध्यांचा अर्धवटरावही तेच करतो की. विनोद त्याच्या वाक्यात अर्धाच असतो. वाक्य झाल्यावर तो मान वळवून पाध्यांकडे बघतो तिथे हशा पिकतो.

२२ जुलै

मॉनिटरवर तालीम सुरू. याबद्दल सविस्तर लिहायला हवं, पुढे नवीन माणूस आला की हेच पान वाचायला देता येईल.

ओसरीचा कठडा जमिनीपासून साडेचार फुटांवर. त्याखाली गॅरेजमध्ये गाडीखाली सरकायला वापरतात तसल्या चाकांच्या फळ्या आणि बुटकी स्टुलं. खेळवणारा खाली बसून हात सरळ वर धरतो आणि बाहुलीकडे अजिबात बघत नाही. त्याची नजर जमिनीवरच्या मॉनिटरवर. कॅमेऱ्याला दिसतं तेच त्याला दिसतं, आणि म्हणून सगळं उलटं. हात आपल्या उजवीकडे नेला की मॉनिटरमध्ये बाहुली डावीकडे जाते. पहिल्या दिवशी लोणी सतत मंग्यापासून लांब पळत होतं. चित्र आरशासारखं पलटून द्या, अशी मागणी आली. नाही दिलं. पलटवलं तर आत्या कुठून येणार, भाकरीची टोपली कुठल्या बाजूला आहे, हे सगळं खेळवणाऱ्याच्या डोक्यात उलटं बसतं. दहा दिवस त्रास काढलेला परवडला.

दुसरी गोष्ट मनगटाची. मोकळा हात वर केला तर पंजा आभाळाकडे जातो, म्हणजे बाहुली छताकडे बघायला लागते. कॅमेऱ्याकडे बघायचं तर मनगट पुढे वाकवून धरावं लागतं, आणि ते दोन मिनिटांत भरून येतं. मग लोणीची नजर हळूहळू वर सरकते. बोलणं चालू, ओठ जुळताहेत, पण ते आता मुलाच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघतंय. म्हणून एक शॉट ४० सेकंदांपेक्षा लांब नको. लेखकांनी हे लक्षात ठेवूनच लिहायचं. पानभर स्वगत लिहायचं असेल तर स्वतः हात वर धरून म्हणून दाखवा.

तोंड. अंगठ्यानं खालचा जबडा खाली पाडायचा, वरची चार बोटं स्थिर. उलटं केलं की प्रत्येक शब्दाला डोकं मागे उडतं आणि डोळे हलतात. उघडायचं स्वरावर, अक्षर मोजून नाही. ‘घर’ला एकदाच. ‘भाकरी’ला ‘भाक-री’, दोनदा. प, ब, म आला की तोंड मिटलेलंच हवं. मुलांना कारण सांगता येत नाही, पण तिथे फट राहिली की त्यांना ते खोटं वाटतं.

उजवा हात डोक्यात, म्हणून काडी डाव्या हातात, आणि म्हणून मंग्या डावरा झाला. हेन्सनच्या बहुतेक बाहुल्या याच कारणानं डावऱ्या आहेत. आमच्या आत्यानं तालमीत विचारलं, “लाडू डाव्या हातानं घेतोय, चालेल? आजी लोक पत्रं पाठवतील.” पाठवू देत. डावरी पोरं खूश होतील. लोणीला तर हातच नाहीत, ते थेट तोंड घालतं.

२ ऑगस्ट

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना अशी की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं. दोन वर्षांखालच्यांना नकोच, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आपण त्या तासातली ११ मिनिटं मागतो आहोत. भाग संपल्यावर आपोआप दुसरा सुरू होणार नाही, हे करारात लिहून घ्यायचं. शेवटच्या शॉटमध्ये लोणी “आता मी चरायला जातो” म्हणून निघून जातं आणि ओसरी रिकामी राहते. त्यानंतर ‘पुढच्या भागात’ वगैरे काही नाही.

१२ ऑगस्ट

चाचणीसाठी मुळशी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत जायचं होतं. सेविकाताई ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरण्यात बुडालेल्या. “ताई, पंधरा तारखेनंतर या, आत्ता माझंच मला सुचत नाहीये.” बरोबर आहे. त्यांच्याकडे पोषण आहार, वजनं, लसीकरणाची यादी, सगळंच असतं, वर हे.

२७ ऑगस्ट

पहिली चाचणी. मोजण्याच्या भागाची कच्ची प्रत नेली होती: साधा पडदा, तालमीतले आवाज, आत्याच्या साडीला इस्त्री नाही.

पद्धत ‘सेसमी स्ट्रीट’चा संशोधक एड पामरची. त्यानं टीव्हीच्या शेजारी एक पडदा लावून त्यावर दर साताठ सेकंदांनी वेगळी स्लाइड दाखवली होती. मूल टीव्ही सोडून तिकडे कधी बघतं ते टिपायचं. लक्ष कुठे सुटलं हे पाच वर्षांच्या पोराला विचारून कळत नाही, ते नेहमी “आवडलं”च म्हणतं. आम्ही टीव्हीशेजारी लॅपटॉप ठेवला, त्यावर ट्रॅक्टर, पेरू, एसटी, म्हैस अशी चित्रं. पालकांची परवानगी आधीच घेतलेली, मुलांचं चित्रीकरण नाही. दोघीजणी कोपऱ्यात तक्ता घेऊन. पंधराएक मुलं, दोन दोन करून बसवली.

काय दिसलं:

सुरुवातीला आत्या एकटीच ओसरीवर बसून आज काय करणार ते सांगते. सुरेख अभिनय, छान आवाज. जवळपास प्रत्येक मूल लॅपटॉपकडे. म्हशीचं चित्र आलं तेव्हा तर दोघं उठून तिकडेच गेले.

लोणी आलं की डोळे परत.

भाकऱ्या मोजण्याचा प्रसंग आमचा लाडका होता. आत्या एकेक भाकरी टोपलीत टाकते, मंग्या आनंदानं उड्या मारतो. मुलं खदखदून हसली, एकही नजर हलली नाही, लॅपटॉपकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तक्त्यावर शंभर टक्के. नंतर विचारलं, किती भाकऱ्या होत्या? “मंग्या पडला!” हे उत्तर. भाकरी कुणी पाहिलीच नव्हती.

लोणी कॅमेऱ्याकडे वळून “आता कुठली?” असं विचारतं आणि दोन सेकंद थांबतं. या दोन सेकंदांत काहीच घडलं नाही. लोणी पुढे बोलायला लागलं, मंग्या आत आला, आणि तेवढ्यात एका मुलीनं मोठ्यानं सांगितलं, “चौथी!” तिला पोचायला तेवढा वेळ लागतो. मग ती गप्प झाली, कारण तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

सगळं झाल्यावर पिशवीतून लोणी बाहेर काढलं. खेळवणारा दादा मुलांसमोर मांडी घालून बसला, हात लपवला नाही, ओठ हलताना दिसत होते. कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे लोणीशीच बोलले. एकानं त्याला खाऊ दिला आणि मग विचार करून दादालाही थोडा दिला.

२९ ऑगस्ट

टिपणं परत वाचली. आत्याच्या प्रसंगाची गत नेमकी १९६९च्या ‘सेसमी स्ट्रीट’सारखी आहे. तेव्हा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र दाखवू नका, मुलांचा गोंधळ उडेल. म्हणून मालिकेतल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसं होती. जुलैमध्ये फिलाडेल्फियात चाचणी भाग दाखवले तर रस्ता आला की मुलांचं लक्ष उडे. सल्ला बाजूला ठेवून बाहुल्या रस्त्यावर आणल्या, आणि त्यातूनच तो उंच पिवळा पक्षी आणि कचरापेटीतला ऑस्कर जन्माला आला. १० नोव्हेंबरला मालिका सुरू झाली ती या बदलासकट.

आमचा बदल लहान आहे. आत्या एकटी कधीही दिसणार नाही. दिसलीच तर कठड्यावर लोणीचा एक कान तरी हवा.

भाकऱ्यांचं दुखणं जास्त खोल. ‘सेसमी स्ट्रीट’वरच सत्तरच्या दशकात मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या, त्यातही हेच निघालं होतं: ऑस्कर उड्या मारत असेल तर मुलं अक्षरांकडे बघत नाहीत. तक्त्यावर लक्ष पूर्ण, शिकणं शून्य. म्हणजे शेजारच्या लॅपटॉपची परीक्षा पास होऊनही प्रसंग नापास असू शकतो. पडद्याकडे बघणं आणि पडद्यावर जिथे बघायला हवं तिथे बघणं यात फार अंतर आहे.

मग मंग्याला शांत बसवायचं का? लेखक म्हणाला, “मग तो मंग्या कसला?” बरोबर. तोडगा पिंगुळीच्या वहीतच होता. मंग्या उड्या मारत येतो, भाकरी टोपलीत पडायच्या आधी गर्रकन वळतो, थिजतो आणि भाकरीकडे टक लावतो, नाक जवळजवळ तिला टेकवून. लोणीही तिकडेच. दोन बाहुल्या एकाच वस्तूकडे बघत असतील तर तिसरीकडे बघायला मूल तयार नसतं. वर्षाच्या आतबाहेरचं बाळही आईची नजर जिकडे जाते तिकडे बघतं, त्याच वाटेनं आपण भाकरी दाखवायची. भाकरी पडली, मोजली, की पुन्हा उडी.

७ सप्टेंबर

गणपती. त्याआधीपासून रोज संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव, आवाजाचं काम सकाळी सहा ते दहा एवढंच. विसर्जनापर्यंत सेट रंगवून घेऊ.

२३ सप्टेंबर

चित्रीकरण. लिहायला वेळ नाही, तरी एक.

आत्या करणाऱ्या अभिनेत्रीला नाटकाची सवय. ती संवाद ऐकताना नकळत कठड्याखालून येणाऱ्या आवाजाकडे, म्हणजे खेळवणाऱ्या दादाकडे बघते. अगदी किंचित. पण तिचे डोळे खाली गेले की लोणी मेलं. दिग्दर्शकानं एक युक्ती काढली. तालमीत दादा गप्प राहायचा, लोणी फक्त तोंड हलवायचं आणि ती लोणीच्या डाव्या बुबुळाशी बोलायची. दुपारपर्यंत जमलं. आता मध्यंतरातही ती लोणीला “पाणी हवंय का रे?” विचारते.

विजेच्या भागात अंधार दाखवायचा तर बाहुल्यांचे डोळे दिसायलाच हवेत. काकांनी कंदिलाच्या आत लहान एलईडी दडवला आणि लोणीच्या चेहऱ्यावर फक्त डोळ्यांच्या पट्टीत प्रकाश पडेल असा पुठ्ठा लावला. फार सुंदर शॉट.

१४ ऑक्टोबर

संकलनाच्या खोलीत भांडण. विषय: लोणीचं थांबणं. मुळशीनंतर मी सगळीकडे चार-पाच सेकंद लिहिले होते. संकलक म्हणतो पाच सेकंद बाहुली नुसती बघत बसली तर माणूस रिमोट उचलतो. मोठा माणूस उचलेलही. अमेरिकेत १९९६ साली ‘ब्लूज क्लूज’ नावाची मालिका आली. तिच्यात सूत्रधार प्रश्न विचारून मोठ्यांना अवघड वाटेल इतका वेळ गप्प राहायचा, आणि तोच भाग आठवड्यात पाच दिवस रोज दाखवायचे. मुलं कंटाळली नाहीत, उलट दिवसागणिक जास्त उत्तरं द्यायला लागली.

पण संकलकाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. थांबणं म्हणजे चित्र गोठवणं नव्हे. पाच सेकंद मृत बाहुली बघवत नाही. मग जुन्या टेकमधले तुकडे शोधले: लोणी कान हलवतं, किंचित पुढे झुकतं, पण डोळे भिंगावरून हलत नाहीत. दादाचं मनगट तेवढा वेळ वाकलेलं राहिलं त्याबद्दल त्याला जेवण. साडेचार सेकंदांवर तह झाला.

२६ नोव्हेंबर

निवडणूक आटोपली, अंगणवाडी मोकळी झाली. तीच जागा, तोच लॅपटॉप. मुलं बहुतेक तीच, काही नवीन.

भाकऱ्या मोजल्या. सगळ्यांनी नाही. तीन वर्षांची पोरं दोनवर अडकतात, ते त्यांच्या वयाला धरूनच आहे. पण “मंग्या पडला” हे उत्तर आलं नाही, “पाच” आणि “लई” अशी दोन्ही आली. थांबण्याच्या जागी उत्तरं आली, ओरडून आली, आणि लोणी “बरोबर!” म्हणालं तेव्हा एक मुलगा सेविकाताईंकडे वळून म्हणाला, “त्याला ऐकू गेलं.”

गाण्याच्या वेळी गंमत. तक्त्यावर नजरा धडाधड सुटायला लागल्या. मान वर करून बघितलं तर पोरं उठून नाचत होती, पाठ टीव्हीकडे, गाणं तोंडात. पामरच्या पद्धतीत ही मुलं ‘लक्ष नाही’त जमा होतात. तक्त्यात नवा रकाना घातला: ‘बघत नाही पण त्यातच आहे’. पुढच्या चाचणीला हा रकाना पहिल्यापासून.

१० डिसेंबर

वाहिनीला पाचही भाग पसंत. वेळ सकाळी साडेअकराची देताहेत. त्या वेळी आमचे प्रेक्षक अंगणवाडीत खिचडी खात असतात. संध्याकाळी साडेपाच मागितली आहे, उत्तर यायचं आहे.

दुसरी वाट आम्हीच चालू ठेवतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पुढे पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पेन ड्राइव्हवर पाच भाग घालून द्यायला आपल्याला काय अवघड आहे? तालुक्यातल्या ज्या अंगणवाड्यांत टीव्ही आहे तिथे महिन्याला एक भाग, तोच आठवडाभर रोज. सेविकाताईंनी मंग्याचीही एक बाहुली मागितली. तालमीतला जुना मंग्या शिवून, नवीन काड्या लावून देतो.

सोबत एक पानी पत्रक. मसुदा असा:

टीव्हीजवळ दुसरं खेळणं ठेवू नका. मुलांना फार जवळ बसवू नका. गाणं लागल्यावर मुलं उठली तर उठू द्या. लोणी प्रश्न विचारून गप्प बसलं की तुम्हीही गप्प बसा, उत्तर सुचवू नका, मुलांकडे न बघता लोणीकडे बघा. भाग संपला की टीव्ही बंद.

सेविकाताईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “सगळं जमेल. गप्प बसायचं तेवढं मोठ्या अक्षरांत छापा.” तसं करून सोमवारी छापायला टाकते. लोणीचा खालचा जबडा सैल झालाय, पुढच्या भागांच्या आधी नवीन रेक्झिन. मंग्यासाठी छत्र्या गोळा करणं चालू आहे.